सगळ्या फायलींना चार अक्षरी शेपूट लागलंय, फॉरमॅट मारू का थांबू?

पत्रिकावाली_शाहूपुरी

नमस्कार. शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या अलीकडं आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वास्तुशांत, वर्षश्राद्ध, पतसंस्थांची दिनदर्शिका, असली कामं. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक मी आणि एक ऑपरेटर मुलगा.

शनिवारी डिझाईनच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली आणि ते उघडेना. सोमवारी तीन पत्रिका द्यायच्या होत्या. मुलानं कुठल्यातरी साईटवरनं त्याचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची चोरटी फाईल, उतरवला. झिप फाईल होती, तिला पासवर्ड होता, आणि सोबत लिहिलं होतं की चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा. त्यानं केला. सॉफ्टवेअर काही चालू झालं नाही. मशीन मात्र जड झालं, हार्डडिस्कचा दिवा सारखा लुकलुकत होता. रस्त्याच्या खुदाईमुळं त्या दिवशी नेटही तुटक येत होतं, म्हणून आम्हाला वाटलं त्यामुळंच असेल.

अर्ध्या तासानं पत्रिकेची फाईल उघडायला गेले तर चित्रं पांढरी. प्रत्येक फाईलच्या नावापुढं चार इंग्रजी अक्षरांचं शेपूट लागलेलं, ज्याचा उच्चारही होत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक टेक्स्ट फाईल. त्यात लिहिलंय की घाबरू नका, फायली परत मिळतील, ९८० डॉलर द्या, ७२ तासांत बोललात तर निम्मे, म्हणजे ४९०. बॅकअपची बाहेरची डिस्क त्याच वेळी जोडलेली होती. तीही गेली.

ही डिस्क आम्ही २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही पुरांत, पाणी दारात यायच्या आत छातीशी धरून वरच्या मजल्यावर नेली होती. अकरा वर्षांचं काम आहे.

कामं मी पुन्हा टाईप करीन. पण एक गोष्ट पुन्हा होणार नाही. फुलेवाडीच्या एक मावशी आहेत. त्यांच्या मालकांचं पहिलं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. फोटो एकच होता, तो मी स्कॅन करून ठेवला होता. मूळ फोटो त्यांच्या घरी ओल लागून चिकटून गेला. म्हणजे आता तो फक्त माझ्या या कुलूप लागलेल्या डिस्कवर आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एकजण म्हणतोय २५ हजार द्या, पुण्याहून उघडून आणतो. दुसरा म्हणतोय फॉरमॅट मारा आणि विसरा. काय करू?

रंकाळाकाठ

ताई, हा वॉनाक्राय असणार. माझ्या भावाच्या ऑफिसात आलता. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाका, दुसरा इलाज नाही.

संगणक_दवाखाना_राजारामपुरी

ताई, फॉरमॅट मारू नका. कुणी कितीही सांगू दे. २५ हजारवाल्यालाही थांबवा. आधी माझं सगळं वाचा, थोडं लांब आहे.

रंकाळाकाठ भावा, वॉनाक्राय नाही हा. वॉनाक्राय १२ मे २०१७ ला जगभर पसरला तो आपला आपण पसरला. विंडोजच्या फाईल शेअरिंगमधल्या भोकातनं एका मशीनवरनं दुसऱ्यावर उड्या मारत जायचा. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं, ज्यांनी लावलं नाही ते सापडले. त्याची लाल खिडकी यायची, उलटी घड्याळं चालायची. ताईंच्या मशीनवर यातलं काही नाही. चार अक्षरी शेपूट, रीडमी नावाची चिठ्ठी, ९८० आणि ४९० चा भाव, ७२ तासांची सवलत, आणि आत आलाय क्रॅकमधनं. ही सगळी ठेवण 'स्टॉप डीजेव्हीयू' या घराण्याची आहे. सुरुवातीच्या काळात फायलींना लागणारी शेपटं 'स्टॉप' आणि 'डीजेव्हीयू' होती, म्हणून हे नाव. नंतर शेकडो शेपटं झाली, पण चिठ्ठीचा मजकूर जवळपास तोच राहिला. आपल्याकडं घरगुती मशीन आणि छोटी दुकानं यात जो सापडतो तो बहुतेक वेळा हाच. मोठ्या कंपन्यांच्या मागं लागणाऱ्या टोळ्या वेगळ्या. हा आपल्यासारख्यांसाठीच बनवलाय. आणि तो आपला आपण येत नाही, कुणाच्यातरी हातानं आत घेतला जातो.

झिपला पासवर्ड का असतो, तर अँटिव्हायरसला आत बघता येऊ नये म्हणून. एवढी एक खूण त्या मुलाला सांगून ठेवा. त्याला रागावू नका, माझ्याकडं येणाऱ्यांत शिकलेसवरलेले इंजिनिअरही असतात.

आता आत काय होतं ते सांगतो, कारण तुमचं पुढचं सगळं त्यावर आहे. हा प्रोग्राम चालू झाला की आधी चोरांच्या सर्व्हरला साद घालतो आणि तुमच्या मशीनपुरतं एक कुलूप मागवतो. कुलूप लावता येईल एवढंच इकडं येतं, उघडायची किल्ली तिकडंच राहते. हे झालं ऑनलाईन. पण सर्व्हरनं ओ दिली नाही, नेट तुटलं, तर तो थांबून राहत नाही. त्याच्या पोटात एक तयार कुलूप असतं, ते लावून मोकळा होतो. याला ऑफलाईन म्हणतात. त्या शेपटाच्या सगळ्या ऑफलाईन बळींना तेच कुलूप. म्हणजे जगात कुठं एकाला जरी त्याची किल्ली मिळाली आणि त्यानं ती दिली, तर बाकीच्यांचीही दारं उघडतात. तुमचं नेट तुटक होतं म्हणालात ना, तिथंच मला आशा वाटली.

हे ओळखायचं कसं? सी ड्राईव्हमध्ये 'सिस्टिमआयडी' नावाचा फोल्डर झालेला असेल. त्यात 'पर्सनलआयडी' ही टेक्स्ट फाईल. आत लांबलचक अक्षरं असतील. त्याची शेवटची दोन बघा. शेवट इंग्रजी 'टी' आणि '१' असा असेल तर ऑफलाईन. एकापेक्षा जास्त ओळी असतील तर सगळ्या लिहून घ्या, कारण काही फायलींना एक कुलूप आणि काहींना दुसरं असं होऊ शकतं.

आणि दुसरी गोष्ट, तुमच्या कामाची. हा पूर्ण फाईल गिळत नाही. घाई असते त्याला, पकडलं जायच्या आत हजारो फायली उरकायच्या असतात. म्हणून प्रत्येक फाईलचा सुरुवातीचा साधारण १५० केबी एवढाच भाग तो कुलपात घालतो. त्याच्या पुढचं आहे तसंच असतं. छोटी वर्ड फाईल पूर्ण गेली. पण मोठी झिप असेल तर तिच्यातल्या पहिल्या एकदोन फायली सोडून बाकीच्या बाहेर काढता येतात. व्हिडिओ, गाणी दुरुस्त होऊ शकतात. मावशींचा स्कॅन किती एमबीचा आहे ते बघून सांगा. जेपीजी आहे का, आणि कुठल्या स्कॅनरवर, किती डीपीआयला केला होता, तेही.

मशीनला आत्ता काय करायचं? नेट काढा. बाहेरची डिस्क काढा. दुसरा कुठलाही पेनड्राईव्ह त्याला लावू नका, कारण हा 'टाईम ट्रिगर टास्क' नावाचं काम विंडोजमध्ये लावून ठेवतो आणि दर काही मिनिटांनी पुन्हा जागा होतो. तुम्ही आशेनं नवीन फाईल टाकाल, तीही जाईल. काही मशीनवर काम चालू असताना विंडोज अपडेटची खोटी खिडकी पण दाखवतो, म्हणजे माणूस डिस्कचा आवाज ऐकून गप्प बसतो. अँटिव्हायरसच्या साईटी उघडत नसतील तर दचकू नका, तो 'होस्ट्स' फाईलमध्ये त्यांची नावं घालून वाट अडवतो.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक सांगतो. फायलींना कुलूप लावायच्या जोडीला हा पासवर्ड चोरणारे प्रोग्रामही आणून सोडतो. ब्राऊझरमध्ये साठवलेले बँकेचे, मेलचे, सगळे पासवर्ड गेले असं धरून चाला. आजच, दुसऱ्या स्वच्छ फोनवरनं, बदला. फायलींच्या दुःखात लोक हे विसरतात आणि महिन्यानं मेल खातं हातातनं जातं.

फॉरमॅटला मी इतका का नडतोय ते सांगतो. २०१९ च्या जून महिन्यात एक निवृत्त गुरुजी माझ्याकडं आले. करवीर तालुक्यातल्या त्यांच्या गावाचा इतिहास त्यांनी सहा वर्षं बसून टाईप केला होता, जुन्या लोकांच्या मुलाखती, सातबारे, तालमीचे फोटो. हाच व्हायरस. मी शोधलं, काही सापडलं नाही. मीच त्यांना म्हणालो, गुरुजी, गेलं म्हणा, आणि माझ्या हातानं फॉरमॅट मारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्ट कंपनी आणि मायकल गिलेस्पी यांनी या घराण्याच्या १४८ प्रकारांसाठी फुकट डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप उघडणारं टूल, काढला. जुन्या प्रकारांना त्यात एक मूळ फाईल आणि तीच कुलूप लागलेली फाईल अशी जोडी दिली की त्या धाटणीच्या बाकीच्या उघडत होत्या. गुरुजींनी एक प्रकरण मला मेल केलेलं होतं. मूळ फाईल माझ्याकडं होती. कुलूप लागलेली मी पुसून टाकली होती. चार महिने. तो गिलेस्पी अमेरिकेत इलिनॉय राज्यात आपल्यासारख्याच एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा, हे नंतर वाचलं तेव्हा मला आणखीच लागलं. त्यानंतर मी एकाही गिऱ्हाईकाची कुलूप लागलेली डिस्क पुसलेली नाही.

ऑगस्ट २०१९ नंतर चोरांनी कुलूप पक्कं केलं, जोडीची युक्ती नव्या प्रकारांना चालत नाही. पण ऑफलाईनची वाट अजून उघडी आहे.

पैसे भरू नका. २५ हजारवाला काय करणार तर बहुतेक चोरांशी घासाघीस करून त्यांनाच पैसे देणार आणि मधले स्वतः ठेवणार. त्याला विचारा, कुठल्या पद्धतीनं उघडणार? सांगता आलं नाही तर समजा. तक्रार मात्र नोंदवा, १९३० या सायबर हेल्पलाईनवर किंवा सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर.

शिरोली_अकाउंट्स

दवाखानावाल्या दादांनी ओळख पटवा म्हणून सांगितलंय त्याला जोड देतो. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात टॅली बघतो. आमच्याकडं आला तो वेगळा होता. मालकांना घरनं काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची सोय, सरळ इंटरनेटवर उघडा ठेवला होता, पोर्ट ३३८९, पासवर्ड कंपनीचं नाव आणि १२३. रविवारी रात्री कुणीतरी माणूसच आत शिरला. सोमवारी सकाळी आलो तर फायलींची नावं लांबच लांब झालेली, मध्ये एक आयडी आणि चौकटी कंसात चोराचा ईमेल पत्ता. चिठ्ठीत भाव लिहिलेलाच नव्हता, मेल करा म्हणे.

असल्या कुलूप लावून पैसे मागणाऱ्या व्हायरसला रॅन्समवेअर म्हणतात, त्याचं घराणं ओळखून देणाऱ्या 'आयडी रॅन्समवेअर' साईटवर चिठ्ठी आणि एक फाईल टाकली, त्यांनी फोबोस हे वेगळं घराणं म्हणून सांगितलं. आमची सुटका एकाच गोष्टीनं झाली. शुक्रवारी संध्याकाळी बॅकअपची डिस्क काढून मालकांच्या घरी जायची. शनिवारची व्हाउचरं कागदावरनं पुन्हा मारली, झालं.

सांगायचं एवढंच की ताईंचा आणि आमचा इलाज एक नाही. नावाची ठेवण, चिठ्ठी, आत यायची वाट, हे तिन्ही बघितल्याशिवाय कुणाचं औषध कुणाला लावू नये.

पत्रिकावाली_शाहूपुरी

दादा, रात्री वाचलं आणि सकाळी दुकान उघडल्याबरोबर आधी तो फोल्डर बघितला. पर्सनलआयडीमध्ये एकच ओळ आहे आणि तिचा शेवट टी आणि १ असाच आहे. मी चारदा वाचला. मुलालाही वाचायला लावला.

कुलूप लागलेली एक फाईल नोटपॅडमध्ये ओढून बघितली. सगळी अगम्य चिन्हं, पण अगदी शेवटी तोच आयडी आहे आणि त्याच्यापुढं महिरपी कंसात ३६ए६९८बी९ असा सुरू होणारा नंबर. दुसऱ्या फायलीतही तोच नंबर. हे काय आहे?

पासवर्ड सगळे बदलले. डिस्क काढून ठेवलीय.

मावशींचा स्कॅन जेपीजी आहे, ५.१ एमबी. आमच्याच स्कॅनरवर ६०० डीपीआयला केलेला. स्कॅनर अजून चालू आहे.

संगणक_दवाखाना_राजारामपुरी

तो नंबर या घराण्याची मोहोर आहे ताई. प्रत्येक फायलीच्या शेपटाला हा ती मारतो. आता शंकाच उरली नाही.

एम्सिसॉफ्टचा डिक्रिप्टर स्वच्छ मशीनवर, नेट जोडून चालवा, फायलींची आधी दुसऱ्या डिस्कवर नक्कल करून. तो किल्ली नसेल तर तसं सांगतो. ऑनलाईन आयडी असेल तर उघडणं अशक्य म्हणतो. ऑफलाईन असेल तर पुढं कधीतरी शक्य होईल म्हणतो. 'पुढं कधीतरी' आलं तर डिस्क नीट कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यादोन महिन्यांनी टूल पुन्हा चालवत राहा. असली टूल्स फुकट देणाऱ्या 'नो मोअर रॅन्सम' या साईटवरही तेच टूल मिळतं.

फोटोसाठी मात्र किल्लीची वाट बघत बसायची गरज नाही. ५.१ एमबीतले १५० केबी गेलेत. पण त्या १५० केबीत फोटोचं डोकं आहे, म्हणजे चित्र किती रुंद, किती उंच, कसं दाबून ठेवलंय याची माहिती. ती नाही म्हणून कुठलाही प्रोग्राम त्याला ओळखत नाही. धड शाबूत आहे. आपण दुसऱ्या फोटोचं डोकं त्याला लावायचं. म्हणून स्कॅनरचं विचारलं. त्याच स्कॅनरवर, त्याच ६०० डीपीआयला, त्याच प्रतीला, तेवढ्याच चौकटीत कुठलाही दुसरा फोटो स्कॅन करा. चौकट पिक्सेलला पिक्सेल जुळली पाहिजे, नाहीतर चित्र तिरपं फाटत जातं. फोटो कुठल्या मापाचा होता ते आठवतं का? या कुलपासाठी जेपीजी दुरुस्त करणारी टूल्स आहेत, डिस्कट्यूना वाल्यांचं मी वापरतो.

दोन गोष्टी होतील, आधीच सांगतो. वरची पट्टी जाईल. आणि रंग सरकलेले येतील, सगळा फोटो हिरवट किंवा जांभळा. त्याचं मला काही करता येत नाही, पण तुम्ही रोज तेच काम करता.

डिस्क घेऊन या. बाकीच्या फायलींचं पण सांगतो. छपाईला दिलेली कामं ऑफसेटवाल्यांकडं पीडीएफमध्ये असणार. मेलच्या 'पाठवलेले' मध्ये बघा. गिऱ्हाइकांना व्हॉट्सअपवर प्रूफ पाठवता ना, ती त्यांच्या फोनवर आहेत. अकरा वर्षांचं काम एका डिस्कवर नसतं, ते गावभर पसरलेलं असतं.

रंकाळाकाठ

फॉरमॅटचं मी बोललो ते चुकीचं होतं ताई, माफ करा. लक्ष्मीपुरीत माझ्या मामांची प्रेस आहे, तुमची काही कामं तिथं छापली असतील तर नाव कळवा, त्यांच्या मशीनवर शोधायला लावतो.

पत्रिकावाली_शाहूपुरी

उशीर झाला कळवायला, लग्नसराई चालू आहे.

डिक्रिप्टरनं तेच सांगितलं, ऑफलाईन आयडी आहे, किल्ली अजून नाही, पुढं शक्य होईल. डिस्क प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवलीय, वर त्या आयडीचा कागद चिकटवून. नवीन डिस्क घेतली. रात्री दुकान बंद करताना लावते, नक्कल झाली की काढून पिशवीत टाकून घरी नेते.

दिनदर्शिकेची बाराही पानं प्रेसमध्ये मिळाली, रंकाळाकाठ दादांच्या मामांकडं आणखी सतरा पत्रिका निघाल्या. दिवाळीतली एक मोठी झिप होती, तिच्यातल्या पहिल्या तीन फायली गेल्या, बाकी निघाल्या. आमचा मुलगा दोन दिवस कामावर आला नव्हता. मी त्याच्या घरी जाऊन घेऊन आले. आता तोच सायकलवर प्रेसप्रेस फिरून पेनड्राईव्ह भरून आणतोय.

फोटोचं सांगते. चौकटीचं माप मला आठवत नव्हतं, पण मावशींचा मूळ फोटो पोस्टकार्डाएवढा होता हे आठवत होतं. दवाखान्यात बसून दादांनी आणि मी सहा वेळा नवीन डोकं लावलं. पाच वेळा चित्र तिरप्या पट्ट्यांत फाटलं. सहाव्यांदा सरळ आलं. सगळं जांभळं, पण सरळ. वरची बोटभर पट्टी करडी आली, कारण वर नुसती पडद्याची पार्श्वभूमी होती आणि मोकळ्या जागेला कमी केबी लागतात, म्हणून पट्टी वाटली होती त्यापेक्षा रुंद निघाली. फेट्याचा तुरा गेला. फेटा कपाळापासून आहे. डोळे, मिशी, कोटाचं बटण, खिशातलं पेन, सगळं आहे.

रंग दुरुस्त करायला मला दोन रात्री लागल्या. काल मावशी प्रूफ बघायला आल्या. तेव्हा त्यांना सगळं खरं सांगितलं, काय झालं होतं ते. त्या बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, तुरा काढू नका नवीन, ते तुरा ठेवायचेच नाहीत, लग्नात फोटोवाल्यानं जबरदस्तीनं लावला होता.